बंद गाडीचा परिग्रह



स्वाध्यायात अपरिग्रहाचा विषय निघाला की आपल्याला पहिल्यांदा आपली कपाटं आठवतात. न नेसलेल्या साड्या, माळ्यावरची पितळी भांडी, लग्नात आलेले आणि अजून खोक्यातच असलेले डिनर सेट. आमच्या घरचा सगळ्यांत मोठा परिग्रह मात्र कपाटात मावणारा नव्हता. तो लालबागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसहून जास्त वर्षं उभा होता. आमच्या मोठ्या दिरांची शर्यतीची फियाट.

घरात सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांनी लग्न केलं नाही. नोकरी, देवदर्शन आणि ही गाडी एवढाच त्यांचा संसार. गाडी 1969 सालची फियाट 1100, म्हणजे पुढे जिचं नाव पद्मिनी झालं तिचीच थोरली बहीण. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकीला तिचा आवाज ठाऊक आहे.

या गाडीशी आपल्या समाजाचं एक नातं आहे, ते नव्या पिढीला माहीत नसतं म्हणून सांगते. ती बनायची कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, आणि 1944 साली ही कंपनी काढणारे शेठ वालचंद हिराचंद म्हणजे सोलापूरचे, आपल्याच जैन समाजातले. जहाजाची कंपनी, विमानाचा कारखाना, साखर कारखाना आणि मोटारी, एका माणसाने एका आयुष्यात एवढं उभं केलं. माझं माहेर सोलापूरचं, त्यामुळे लहानपणी वडील कुठलीही फियाट दिसली की "आपल्या गावची गाडी" म्हणायचे. लग्न होऊन गिरगावात आले तर सासरी खरोखरच एक फियाट होती, फक्त ती चालत नव्हती.

दादांनी ती जुनी विकत घेतली ती शर्यतीसाठीच. मद्रासच्या उत्तरेला शोलावरम नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धातली तिथली धावपट्टी पुढे मोटारींच्या शर्यतींना वापरायला लागले. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब त्या भरवायचा. 1990 साली इरुंगट्टुकोट्टईला नवा ट्रॅक होईपर्यंत देशातली मोटारवेडी मंडळी दरवर्षी शोलावरमला जमत. तिथे विजय मल्ल्यांसारखे लोक परदेशी फॉर्म्युला वन गाडी घेऊन उतरायचे आणि आमच्या दादांसारखे लोक घरची फियाट घेऊन. गाडी ट्रकवर घालून न्यायला पैसे कुठले? दादा आणि त्यांचे एक मित्र तीच गाडी चालवत मद्रासला जायचे, टपावर जादा टायर, मागे हत्यारांची पेटी आणि सासूबाईंनी दिलेल्या दशम्या. तिथे पोचल्यावर सायलेन्सर काढायचा, दारावर पांढऱ्या गोलात नंबर रंगवायचा आणि उतरायचं. परत येताना सायलेन्सर पुन्हा बसवायचा.

वेग मिळावा म्हणून त्यांनी इंजिनचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं होतं, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर लावले होते, मागची सीट काढून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला होता.

शेवटच्या शर्यतीत एका वळणावर गाडी गवतात गेली आणि पुढचा मडगार्ड चेपला. दादांना खरचटलंही नाही. पण तो चेपलेला मडगार्ड सासूबाईंनी पाहिला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मंदिरात जाऊन त्यांनी नियम घेतला, मुलगा शर्यत सोडेपर्यंत दूध, दही, तूप तिन्हींचा त्याग. पाच महिने त्या तशाच जेवल्या. सहाव्या महिन्यात, म्हणजे 1979 च्या पावसाळ्यात, दादांनी गाडी लालबागला एका ओळखीच्यांच्या चाळीमागच्या शेडमध्ये नेऊन लावली, बॅटरी काढली आणि किल्ली देवघरातल्या डब्यात ठेवली.

मी सून म्हणून आले तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. पण पुढची कितीतरी वर्षं मी एक गोष्ट पाहिली. सासूबाई कधी "ती गाडी विकून टाक" म्हणाल्या नाहीत आणि दादांनी कधी "काढू का?" विचारलं नाही. शेडचं भाडं मात्र दर महिन्याला जायचं. घरखर्चाचा हिशेब माझ्याकडे. बी.कॉम. झालेली सून म्हणून सासऱ्यांनी पहिल्याच वर्षी वही हातात दिली होती. "लालबाग शेड" अशी ओळ मी चाळीस वर्षं लिहिली. सासूबाई 2004 साली गेल्या. ओळ चालूच राहिली.

2022 च्या जानेवारीत चाळ पुनर्विकासाला जात असल्याचं पत्र आलं. शेड रिकामी करा. आमचे हे म्हणाले, "भंगारवाल्याला बोलावू." तोवर दादांना कंपवाताचं निदान होऊन दोन वर्षं झाली होती. हातात चहाचा कप धरला तरी बशीत चहा सांडायचा. ते एवढंच म्हणाले, "एकदा सुरू करून देऊ. मग कुणालाही द्या." चाळीस वर्षांत त्यांनी घरात स्वतःसाठी मागितलेली मला आठवते ती ही एकच गोष्ट.

लालबागलाच एक मिस्त्री आहेत, सत्तरीचे. आयुष्यभर टॅक्सीच्या फियाटी दुरुस्त केलेले. त्यांनी टॉर्च मारून गाडी पाहिली आणि पहिलंच वाक्य सांगितलं, "वहिनी, कुणीही बॅटरी लावून स्टार्टर मारायचा नाही." बंद पडलेल्या इंजिनात सिलिंडरच्या आत गंज धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटून बसतात. जोर केला तर रिंग तुटते नाहीतर सिलिंडरला ओरखडा जातो. त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं रॉकेल आणि इंजिन ऑइल ओतलं आणि म्हणाले, "आता पंधरा दिवस विसरा."

पंधरा दिवसांनी आम्ही गेलो तर दुसराच प्रश्न. चालकाच्या सीटच्या काथ्यात उंदरीण व्यायली होती. सात-आठ पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेले. मिस्त्रींनी फडकं घेतलं. दादा खुर्चीवर बसले होते, तिथूनच "थांबा" म्हणाले. मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले. "वहिनी, बिल्डरची तारीख जवळ आली, आणि उंदरांसाठी काम थांबवायचं?" मी काय सांगणार? आपल्या घरात पाणी गाळून पिणारी माणसं आपण. गाडी चाळीस वर्षं थांबली होती, ती पिल्लांसाठी महिनाभर थांबू शकत होती. उंदराच्या पिल्लांचे डोळे दोन आठवड्यांनी उघडतात आणि तीन-चार आठवड्यांत ती स्वतःची स्वतः फिरायला लागतात, हे मी तेव्हा नातेवाइकांच्या एका शिकलेल्या मुलीला विचारून घेतलं. महिन्याने काथ्या रिकामा मिळाला. मग सीट बाहेर काढली आणि बोनेटच्या भोकांना जाळ्या लावल्या, म्हणजे पुन्हा कुणाचं बिऱ्हाड मोडायची वेळ येऊ नये.

तेवढ्यात लेक बाळंतपणाला आली. त्यानंतरचे चार महिने माझ्यासाठी फियाट नव्हतीच. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, रात्रीची जागरणं. पाऊस सुरू झाला तशी शेड गळायला लागली आणि मिस्त्रींच्या मुलाने गाडीवर ताडपत्री टाकली. मग भाद्रपद आला. तुम्हाला माहीतच आहे, आपलं दशलक्षण पर्व आणि गणपती एकाच वेळी येतात. पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत आपण उपवास-एकासनात आणि लालबाग मुंग्यांच्या वारुळासारखं. 1934 पासून बसणाऱ्या त्या राजाच्या रांगा आमच्या शेडच्या गल्लीपर्यंत येतात. मिस्त्री तर त्याआधीच कोकणात गावी गेले होते.

खरं काम दिवाळीनंतर सुरू झालं. क्रँकच्या पुलीला लांब पाना लावून मिस्त्री इंजिन हाताने फिरवायचा प्रयत्न करत होते. तिसऱ्या दिवशी ते केसभर हललं. मग थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा तेल, पुन्हा पुढे-मागे. संध्याकाळपर्यंत एक पूर्ण फेरा झाला. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझी घाई वेगळीच, सूर्यास्ताआधी गिरगावात पोचून त्यांचं जेवण व्हायला हवं होतं.

बंद गाडीत काय काय बिघडतं याची यादी माझ्या वहीत आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल आटून डिंकासारखं झालेलं. टाकी उतरवून आत मूठभर नट आणि पाणी घालून खळखळवली, तेव्हा गंज निघाला. पेट्रोल पंपाचा रबरी पडदा वाळल्या पापडासारखा. ब्रेकच्या सिलिंडरांमधली रबरं अडकलेली, चारही चाकांची नवी घालावी लागली. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली. रेडिएटर गाळाने भरलेला. टायर बाहेरून काळे, पण चिरा पडलेले. वायरिंग थोडं उंदरांनी आणि बाकीचं वयाने खाल्लेलं. काही माल ऑपेरा हाऊसजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळाला, काही कुर्ल्याच्या भंगारात.

2023 च्या जानेवारीत दादा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. चार महिने गिरगावातली आमची पुढची खोली म्हणजे दवाखानाच. गाडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे औषधांत गेले. त्या दिवसांत मी एकदा आमच्या ह्यांना म्हटलं, आता गाडी राहू दे. आतल्या खोलीतून दादांनी ऐकलं असावं. त्या संध्याकाळी फिजिओथेरपीवाला मुलगा आला तेव्हा त्यांनी विचारलं, "क्लच दाबायला पायात किती जोर लागतो?" रोजचे कंटाळवाणे व्यायाम ते त्या दिवसापासून न सांगता करायला लागले. मग मी गाडीचं काम थांबवायची गोष्ट पुन्हा काढली नाही. पुनर्विकासाची तारीखही, जशी ती नेहमीच पुढे जाते, तशी पुढे गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. शेवटची टॅक्सी 2003 साली नोंदवलेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. वर्तमानपत्रांनी फोटो छापले. मिस्त्री शेडमध्ये येऊन नुसतेच बसले. म्हणाले, "वहिनी, आता या शहरात मला दुरुस्त करायला ही एकच फियाट उरली." त्यानंतर ते रोज यायला लागले.

आता कागदपत्रांकडे येते, कारण ते माझं खातं होतं. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये वेगळे नियम केले. नव्याने नोंदणी केली तर व्हीए अक्षरांची मालिका मिळते, शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. आधी नोंदलेल्या गाडीला जुनाच नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यायची. आणि एक अट महत्त्वाची, गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत.

मी तो नियम दोनदा वाचला आणि मग दादांना वाचून दाखवला. म्हणजे शर्यतीची गाडी म्हणून ती रस्त्यावर येणार नव्हती. घासलेलं हेड, दोन कार्ब्युरेटर, पिंजरा, दारावरचा नंबर, हे सगळं उतरवलं तरच ती चालणार. दादांनी शेडच्या कोपऱ्यातल्या एका लाकडी खोक्याकडे बोट दाखवलं. आत जुन्या मराठी वर्तमानपत्रांत गुंडाळलेलं, तेल लावलेलं मूळ हेड आणि मूळ सोलेक्स कार्ब्युरेटर होता. पिंजरा वेल्डिंगचा नव्हता, बोल्टने बसवलेला होता. म्हणजे तरुणपणीसुद्धा त्यांनी परतीची वाट ठेवली होती.

आमचे हे म्हणाले, एवढ्यासाठी का त्रास, शर्यतीच्याच रूपात शेडमध्ये एकदा सुरू करू आणि संपवू. दादांनी रात्रभर विचार केला. सकाळी म्हणाले, "शेडमध्ये गुरगुरलेली गाडी म्हणजे पिंजऱ्यातला वाघ. तिला साधी होऊन रस्त्यावर जाऊ दे."

2024 च्या फेब्रुवारीत मूळ हेड बसलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुनी रबरं खातं, म्हणून मिस्त्रींनी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या घातल्या. कार्ब्युरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओतलं, किल्ली फिरवली. दोनदा नुसताच खोकला. तिसऱ्यांदा धूर, इतका की शेजारच्या बायका पदर नाकाला लावून बघायला आल्या, आणि मग तो ओळखीचा आवाज. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा डोळे मिटून ऐकत होते. हात थरथरत होते, पण कान अगदी शाबूत. म्हणाले, "तीन नंबरला मिस आहे." मिस्त्रींनी तिसऱ्या प्लगची वायर काढून पाहिली. इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडला नाही, म्हणजे तो सिलिंडर खरंच काम करत नव्हता. प्लग बदलला आणि आवाज एकसारखा झाला.

ब्रेक, दिवे, विमा, प्रदूषण तपासणी, नोंदणी यांत आणखी दोन महिने गेले. 21 एप्रिल 2024 ला महावीर जयंती होती, आणि रविवार. पहाटे साडेपाचला पुतण्याने गाडी शेडबाहेर काढली. शेजारी दादा, मागे पुन्हा बसवलेल्या सीटवर मी आणि दादांचा वॉकर. मिस्त्री रिक्षावाल्यांना "जरा बाजूला घ्या" सांगायच्या आवेशात गल्लीच्या तोंडाशी उभे होते. लालबागला रिक्षा येत नाहीत, हे त्या आनंदात त्यांच्या लक्षात नव्हतं. आंबेडकर रोडने भायखळा, पुढे सी. पी. टँक आणि हिराबाग. दानवीर माणिकचंद झवेरींनी बांधलेल्या त्या धर्मशाळेसमोर गाडी उभी राहिली तेव्हा उजाडत होतं. दादांनी मंदिरात अभिषेक पाहिला. परत येऊन गाडीत बसले आणि म्हणाले, "आईने मागितलं ते मी तेव्हा दिलं नव्हतं. नुसतं लपवून ठेवलं होतं."

मैत्रिणींनो, या वाक्यावर मी फार विचार केला. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून नाही, मनाच्या गुंतण्यावरून केली आहे, हे आपण स्वाध्यायात कितीदा ऐकतो. शेडमध्ये बंद असलेली गाडी कुणाच्या उपयोगाची नव्हती, तरी तिने तीन माणसांना धरून ठेवलं होतं. सासूबाईंना भीतीने, दादांना आशेने आणि मला दर महिन्याच्या त्या एका ओळीने. वापर थांबला म्हणजे त्याग झाला असं नाही. सासूबाईंच्या नियमामागे आईची माया होती, त्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण दुसऱ्याच्या त्यागामुळे आपण सोडलेली वस्तू हातातून जाते, मनातून जात नाही, एवढं मी पाहिलं.

त्या वर्षीच्या दशलक्षणात, उत्तम त्यागाच्या दिवशी, दादांनी घासलेलं हेड, दोन्ही कार्ब्युरेटर आणि नळ्यांचा पिंजरा एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना दिला. ही मुलं स्वतः छोटी शर्यतीची गाडी बनवून स्पर्धेला नेतात. त्यांना हेड कसं घासायचं हे दादांनी दोन तास समजावलं. बोलताना हात थरथरत होते, ते एका मुलाने सहज धरून ठेवले. गाडी आता पुतण्याकडे आहे. ती कोणाला द्यायची हे दादांनी त्याच्यावर सोपवलं आणि पुन्हा विचारलं नाही.

कोणी विचारेल म्हणून हिशेबही सांगते. दोन वर्षं तीन महिन्यांत सगळं मिळून एक लाख सत्त्याऐंशी हजार रुपये. मी गंमत म्हणून शेडच्या चाळीस वर्षांच्या भाड्याची बेरीज केली, ती याहून मोठी आली. "लालबाग शेड" ही ओळ मे महिन्यात बंद केली आणि खाली दोन रेघा मारल्या.

तुमच्याही घरात असं काही बंद पडलेलं असेल, शिवणयंत्र, हार्मोनियम, सासऱ्यांची सायकल. येत्या दशलक्षणाआधी ते बाहेर काढा. दुरुस्त होत असेल तर करून वापरा किंवा ज्याला हवं त्याला द्या. फक्त आधी आत कुणाचं बिऱ्हाड नाही ना, तेवढं बघून घ्या.

जय जिनेंद्र.